शेखरसाठी जाहिरात

"पण बुवा, जाहिरातीत चूक कुठं झाली, एवढंच सांगा."

अधटराव साहेब तिसऱ्यांदा हेच विचारत होते. पुण्यात त्यांची जाहिरातींची कंपनी, सगळा जन्म मजकूर लिहिण्यात गेलेला. आमच्या टेकडीवरच्या मठात आले तेही कडक इस्त्रीत, आणि टेकण्याआधी ओटा रुमालानं झटकला. मी भाजी निवडत होतो. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

केशवगिरी बुवा चूल फुंकत होते.

"जाहिरात म्हणजे काय रे बाबा?"

"ठाऊक नसलेल्याला ठाऊक करून देणं." साहेबांना आवडता विषय मिळाला. "लोकांना वाटतं, नुसतं विकणं. तसं नाही बुवा. कुणाला खोली भाड्यानं द्यायची असते, कुणाला स्वयंपाकीण हवी असते, कुणी वारलेल्या आजोबांचा फोटो छापतो. सगळ्या जाहिरातीच."

"आणि तुझी?"

साहेबांनी रुमालाची घडी घातली.

"मुलासाठी. माझ्याशी भांडून गेला, सहा वर्षं झाली. त्याची आई गेली, तेही त्याला ठाऊक नाही." त्यांनी खिशातून कात्रण काढलं. "तीन पेपरांत दिली. चाळीस दिवस, रोज."

बुवांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी कात्रण माझ्याकडे दिलं.

मी वाचलं. 'चि. शेखर, जिथे असशील तिथून घरी निघून ये. कोणी रागावणार नाही. मी वाट पाहतोय. बाबा.' खाली घराचा पत्ता.

मघाशी हसलो त्याची लाज वाटली.

"चांगलं लिहिलंयस," बुवा म्हणाले.

"मग आला का नाही तो?"

बुवांनी लाकूड आत सारलं.

"घरी कोण असतं?"

"कोण असणार? मी एकटा."

"दिवसभर?"

"दिवसा ऑफिसात." साहेब खाली बघत राहिले. "खरं सांगू का बुवा... ती गेल्यापासून घर खायला उठतं. सकाळी कुलूप लावतो, ते पार झोपायच्या वेळेला काढतो. रविवारीसुद्धा थांबवत नाही. कुठंतरी निघतो. आज इथं आलो."

बुवांनी फुंकणी खाली ठेवली.



"मग येऊन गेला असेल."