मागचा दोर

दुसऱ्याच्या हक्कावर परस्पर पाणी सोडायचं आणि वर आपणच त्याचं भलं केलं म्हणून मिरवायचं, अशी माणसं असतात. ही गोष्ट त्यांना झोंबली तर झोंबू दे.

फार पूर्वी एका डोंगरावर चार मोठी गावं होती आणि पायथ्याशी एक लहानशी वाडी. पाचांचा मिळून एक रथ. जत्रेला तो डोंगरावरून खाली यायचा. मोठी गावं पुढचे दोर ओढायची, वाडी मागचा दोर धरायची. वाडीनं दोर ताणला की रथ थांबलाच पाहिजे, असा वाडवडिलांनी घालून दिलेला नियम होता. पाचांच्या होकाराशिवाय तो बदलायचा नाही, हेही ठरलेलं.

डोंगरावरच्या एका गावात एक तरुण पंच होता. शिकलेला, सरळ मनाचा, पण भारी उतावळा. वाडीची माणसं कायम मागं, हे त्याला सलायचं. भर बैठकीत तो कडाडला, “वाडीलाही पुढचा मान मिळालाच पाहिजे!”

थोरले पंच गालात हसले. “देऊ की! पण मग मागचा दोर सुटला. पुढंही ओढणार आणि मागंही अडवणार, असे दोन्ही हातांत लाडू एकट्या वाडीला कसे?”

तरुण पंच घुटमळला. वाडीत कापणी चालली होती. तिथलं कुणीच आलं नव्हतं. निरोप धाडायचा तर बैठक लांबणार. मिळतंय ते आजच पदरात पाडून घ्यावं, असं त्याला वाटलं.

“वाडीच्या वतीनं माझा होकार,” तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

जत्रेच्या दिवशी वाडीचे गडी नवे फेटे बांधून पुढं आले. एकानं विचारलं, “मग मागं कोण?”

“आता मागं कुणी नाही. तुम्ही पुढं!” तरुण पंच अभिमानानं म्हणाला.

उतार लागला आणि रथ सुटला. पुढचे गडी जीव घेऊन बाजूला उडाले; एकाचा पाय चाकाखाली सापडला. रथ थेट वाडीत घुसला, तो घरं पाडूनच थांबला.

त्या गड्याच्या आईसमोर तरुण पंच मागचा दोर घेऊन उभा राहिला. वाडीच्या वतीनं ‘हो’ म्हटलेलं तोंड आता कुठं लपवावं, त्याला कळेना.

“मावशी, चुकलो. गावांनी आत्ताच ठरवलंय, दोर पुन्हा तुमचाच. देवळात सगळ्यांना तात्पर्यही सांगितलंय: उतारावर मागचा दोर हवाच.”

म्हातारीनं मुलाच्या पायावरची पट्टी आवळली आणि वर न पाहताच म्हणाली, “दोराचं कळलं, बाबा. पण हेही आम्हाला न विचारताच ठरवलंत ना?”