कोण कुठं झोपतं

“भिंत पडणारच नाही, स्वामी. मग हे विचारत कशाला फिरता?”

रेवणय्या स्वामी थांबले नाहीत. खांद्याला झोळी, हातात घंटा. जुन्या गावात फिरत तसेच ते या नव्या गावातही संध्याकाळी भिक्षेला निघाले होते. जुनं गाव भूकंपात गेलं. हे माळावर नव्यानं वसलेलं.

मागून चालत हे विचारणारा मन्मथ त्यांचा शिष्य. लहानपणी त्यांच्याच हातून दीक्षा घेतलेला, पुढं इंजिनिअर झालेला. ही सगळी घरं त्यानंच उभी केली होती. जाता येता भिंतींवरून हात फिरवायची त्याला सवयच लागली होती.

पुढच्या दारात घंटा वाजली. एक बाई पीठ घेऊन आली.

“माय, घरात कोण कुठं झोपतं?”

“मी चुलीपाशी. लेकरं खिडकीखाली. सासरा कोपऱ्यात, तिकडं.”

स्वामींनी शेजारच्या दारातल्या बाईला हाक मारली.

“ऐकलंस का, माय?”

“ऐकलं, स्वामी.”

दोघी एकमेकींकडं बघून जरा संकोचल्या. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. कोण कुणाच्या शेजारी आलं, याचा कुणालाच मेळ लागत नव्हता.

मन्मथचा संयम संपला.

“माणसं इतके दिवस पत्र्याच्या शेडमध्ये होती. आता कुठं छताखाली डोळा लागतोय त्यांचा. तुम्ही असं विचारलंत की उद्या पुन्हा अंथरुणं अंगणात येतील.”

“येतील.”

“मग?”

स्वामी एका ओट्यावर टेकले. मांडीवर झोळी घेतली.

“त्या दिवशी तू कुठं खणलंस?”

उत्तर स्वामींना ठाऊक होतं. त्या दिवशी मन्मथ वडिलांना शोधत होता, तेव्हा तेही पलीकडच्या ढिगाऱ्यावर दगड उचलत होते.

“माजघरात,” मन्मथ म्हणाला. “अप्पा तिथंच झोपायचे. जन्मभर तिथंच. सकाळी गावात पोचलो तो तडक तिथंच हात घातला.”

“आणि सापडले कुठं?”

“दाराशी.”

“दाराशी कशाला?”

“मी येतोय म्हणून निरोप धाडला होता. त्यांना कमी ऐकू यायचं. मी दार वाजवलेलं कळावं म्हणून खाट दाराशी ओढून घेतली होती.”

“कुणाला माहीत होतं हे?”

“शेजारच्या सुगलाबाईला. तिनंच हात लावला होता खाटेला. तिची लेक मागाहून म्हणाली… पण मी खणत होतो तेव्हा सुगलाबाईच उरली नव्हती सांगायला.”

कुठंतरी स्टो पेटल्याचा आवाज आला. कुणीतरी लेकराला हाक मारत होतं.

“दुपार कलल्यावर हात लागला, स्वामी. अंग ऊन होतं अजून.”

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री परगावी असलेल्या आईलासुद्धा नाही. तो रडू लागला, आणि स्वामींनी त्याला रडू दिलं.

“म्हणून अशा भिंती बांधल्या,” तो शेवटी म्हणाला. “कधी न पडणाऱ्या.”

स्वामींनी मागच्या भिंतीवर तळवा टेकला.

“चांगली आहे भिंत… खालच्या जुन्या गावातल्याही कुणी पडाव्यात म्हणून बांधल्या नव्हत्या.”

ते उठले. ओळीतल्या शेवटच्या घराला कुलूप होतं. तिथंही त्यांनी घंटा वाजवली.

“इथं कुणी राहत नाही, स्वामी.”

“घर कुणाचं?”

“माझं. अप्पांच्या घराच्या बदल्यात मिळालेलं.”

मन्मथ रोज काम संपलं की मोटारसायकलवरून तालुक्याला परत जाई. या दाराकडं तो बघतही नसे.

स्वामी घंटा वाजवतच राहिले. आवाज ऐकून लगतच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. जुन्या गावात ती वरच्या आळीला राहायची. मन्मथला तिचं नावही माहीत नव्हतं.

त्यानं खिशातून किल्ली काढली. ती रोज खिशातच असायची. कुलूप पहिल्या झटक्यात निघालं नाही. दार उघडलं तेव्हा आतून नव्या रंगाचा वास आला. खोलीत काहीच नव्हतं.

स्वामी उंबऱ्याबाहेरच थांबले. झोळी पुढं केली. घालायला पीठ नव्हतं.

“तू कुठं झोपणार?”

मन्मथ रिकाम्या खोलीकडं बघत राहिला. माजघर होईल त्या जागेकडं, मग कोपऱ्याकडं. तो पुटपुटला.

“दाराशी.”

म्हातारीनं कानामागं हात धरला.

“मोठ्यानं सांग,” स्वामी म्हणाले. “शेजारी ऐकू गेलं पाहिजे.”