न आटवलेले तोडे

उंबरगव्हाणला ओढ्याच्या पलीकडे एका छपरात महाराज राहत. त्यांनी आपले नाव कधी सांगितले नाही, म्हणून लोक त्यांना ओढ्याचे महाराज म्हणत. जड मनाने गेलेला माणूस तिथून हलका होऊन परते. गावात भानूशेठ पोतदाराचे चांदीचे दुकान होते. तो मात्र ओढा ओलांडून कधी गेला नव्हता.

एका सकाळी लिंबाजी सणगर दुकानात आला. लिंबाजी घोंगड्या विणी, त्याची बायको ठकू लोकर कातून देई. ठकूला जाऊन नऊ दिवस झाले होते. त्याने धोतराच्या सोग्यातून तिचे तोडे काढून गादीवर ठेवले. मान काही वर केली नाही.

"तेराव्याला पाच सवाष्णी जेवू घालायच्यात, शेठ. सवाष्ण गेली ना ती."

"वा रे नवरा!" भानूशेठ म्हणाला. "दहा दिवस झाले नाहीत, तर तिच्या पायातलं बाजारात आणलंस? तुझ्या महाराजांना सांग की चांदी पाडायला. रोज पाया पडतोस, एवढं तरी करतील!"

दुकानातली माणसे खो खो हसली. लिंबाजीचे कान तापले.

"हसायचं तेवढं हसा. पण हे आटवा, शेठ. गेलेल्या बाईचं लेणं आगीतून काढल्याबिगर दुसरीच्या अंगावर जाऊ नये."

"आता तू मला धंदा शिकव!"

तोडे वीस तोळे भरले. शेठने मोडीचा भाव लावला आणि वर तीन तोळे घट धरली. आटवताना डाग आणि मळ जळतो, चांदी कमी भरते, म्हणून ही घट. नियम खरा होता. पण भानूशेठ आटवतच नसे. त्याच दुपारी त्याने तोडे रिठ्याच्या पाण्यात उकळले, तारेच्या कुंचल्याने घासले आणि नवा माल म्हणून कपाटात टांगले. आता ते पुऱ्या वीस तोळ्यांना, नव्या भावाने, वर घडणावळ लावून जायचे होते. न केलेल्या आटणीची घट आणि न केलेल्या घडणीची मजुरी, यावरच त्याच्या घराला माडी चढली होती.

पुढच्या आठवड्यात त्याच्या गोदूचे डोहाळजेवण होते. गोदू एकुलती लेक, पहिलटकरीण. भानूशेठ घरी आला, तर ती पाटावर बसलेली आणि पायांत तेच तोडे.

"अहो, मीच आणले दुकानातून," बायको म्हणाली. "सगळ्यांत उजळ हेच दिसले. लेकीपेक्षा का गिऱ्हाईक मोठं?"

काढ म्हणावे, तर का ते सांगावे लागणार. घर बायकांनी भरलेले. "छान दिसतात," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द त्याला ऐकवेनात. दोन दिवस तो लेकीच्या पायांकडे न बघता जेवला.

तिसऱ्या दिवशी गोदूचे पाय सुजले. तोड्यांची फिरकी फिरेना. बोटे निळी पडू लागली. वैद्य म्हणाले, "आत्ताच्या आत्ता काढा. उशीर झाला तर पाय जातील, आणि पोरीच्या जिवाचंही मला सांगवत नाही."

भानूशेठने कानस घेतली. चांदी ती, बघता बघता कापली जायची. पण कानशीचे दात झिजले तरी तोड्यावर ओरखडा उठला नाही. छिन्नी लावली, ती वाकली.

"बाबा, नका हो!" गोदू कळवळली.

"ओढ्यावर जा!" बायको ओरडली. "तो ताठा ठेवा घरात आणि जा!"

तो अनवाणी धावला. महाराजांपुढे दहावीस माणसे बसली होती. कडेला लिंबाजी अंगण झाडत होता. भानूशेठने तोंड उघडण्याआधीच महाराज म्हणाले, "भानू, तू घट धरलीस ना?"

"धरली, महाराज."

"मग आटवले का?"

"नाही," भानूशेठ पुटपुटला.

"मोठ्याने सांग, बाबा. लिंबाजीला ऐकू जाऊ दे."

"नाही आटवले," तो म्हणाला. "धुतले आणि टांगले. आजवर सगळ्यांचं असंच केलं. लेकीच्या पायांत पाहिले तरी बोललो नाही. लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

"मग अजून वेळ गेलेली नाही," महाराज म्हणाले आणि उठले. "चल, लिंबाजी. तुझ्या माणसाशी तूच बोल."

लिंबाजी गोदूच्या पायांशी बसला. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. लिंबाजी हळू म्हणाला, "ठकू, चूक माझी आहे. तुझ्या पायातलं मीच विकलं. या लेकराला सोड गं."

आणि काय सांगावे! त्याचे बोट लागताच फिरकी फिरली. एक तोडा सुटला, मागोमाग दुसरा. बोटांत रक्त उतरले.

"आई गं, मुंग्या आल्या पायांना!" गोदू रडता रडता हसली.

भानूशेठने तिथेच भट्टी पेटवली आणि सगळ्यांदेखत तोडे आटवले. चांदीचा गोळा निवल्यावर तराजूत टाकला. तीन तोळे तर राहोच, गुंजभरही घट आली नव्हती. पुऱ्या वीस तोळ्यांपाशी काटा उभा राहिला. त्या सकाळी दुकानात खो खो हसलेली माणसे दारात उभी होती, पण आज कुणी हसले नाही.

भानूशेठ महाराजांच्या पायांवर वाकू लागला. महाराज बाजूला सरकले. "इथे नाही," एवढेच म्हणाले.

भानूशेठ वळला आणि लिंबाजीच्या पायांवर डोके ठेवले.

"नका, शेठ, नका!" लिंबाजी पाय मागे ओढू लागला. "पायांना लोकर चिकटलीय माझ्या."

भानूशेठने डोके उचलले नाही.