पाठमोरा पुकारा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याच्या सीमा आज कुणालाच सांगता येणार नाहीत.

त्या राज्यात एक चांगला कायदा होता. भाडेकरूचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला घराबाहेर काढायचं नाही. तीन तारखांना त्याच्या नावाचा पुकारा करायचा. तिन्ही वेळा तो आला नाही, तरच घर मालकाच्या ताब्यात द्यायचं. राजाने हा कायदा दगडावर कोरून घेतला होता. परदेशी पाहुणे आले की तो दगड त्यांना हौसेने दाखवला जाई.

पुकारा करणारा आता म्हातारा झाला होता. तीस वर्षं तो न्यायालयाच्या आतल्या चौकात उभा राहून नावं पुकारत होता. श्रीमंतांची नावं पुकारली की त्यांचे वकील शेजारीच उभे असत. गरिबांची नावं पुकारली की कुणीच ओ देत नसे. कारकून लिही, ‘गैरहजर’. घर जाई.

“यांनाच आपल्या घराची पर्वा नाही,” पुकाऱ्या मनात म्हणे. मग तेही म्हणेनासा झाला. घसा बसला होता, पाय सुजत होते. पुढचं नाव पुकारायचं, एवढंच उरलं होतं.

एका दुपारी तो पाणी प्यायला बाहेरच्या पिंपळाखाली आला. तिथं पहारेकरी गोरगरिबांना बसवून ठेवत. नाव निघाल्याशिवाय आत सोडत नसत. रांजणापाशी एक बाई बसल्या बसल्या सूप विणत होती.

“बाबा, आज तरी माझं नाव निघणार आहे का?” तिने विचारलं.

“काय नाव?”

“सगुणा बुरडीण.”

पुकाऱ्याच्या हातातला गडू थांबला. हे नाव त्याने घटकाभरापूर्वीच पुकारलं होतं. दुसऱ्यांदा.

“अगं, मग ओ का नाही दिलीस?”

“तुम्ही हाक कधी मारली? मी सकाळपासून इथंच आहे. मागच्या तारखेलाही होते. कानात काय बोळे घातलेत माझ्या?”

शेजारचा म्हातारा विणकर हसला. “हाक मारतात म्हणे. देवाला ऐकू जात असेल.”

पुकाऱ्याने मागे वळून पाहिलं. न्यायासनाला पाठ दाखवायची नाही, अशी तिथली रीत होती. म्हणून तीस वर्षं तो न्यायाधीशाकडे तोंड करून आणि दाराकडे पाठ करून पुकारा करत आला होता. समोर बसलेल्या न्यायाधीशाला रोज ऐकू जात होतं. ज्याला बोलावलं त्याला एकदाही नाही.

तो तिच्याशेजारी खाली बसला. किती घरं गेली असतील? त्याला एकेक नाव आठवू लागलं.

“मालक का काढतोय तुला?” त्याने हळूच विचारलं.

“छप्पर गळतं, शाकारून द्या म्हटलं. एवढाच माझा गुन्हा.”

तीस वर्षं कायदा कानावर पडून त्याला पाठ झाला होता. तो म्हणाला, “गळकं छप्पर दुरुस्त केल्याशिवाय मालकाला घर मागताच येत नाही. परवा तुझी तिसरी तारीख आहे, तेव्हा तेच पहिल्यांदा सांग. रडू नकोस. तिथं रडण्याला कुणी विचारत नाही.”

“तुम्हाला काय द्यावं लागेल?”

“मलाच द्यायचंय,” तो म्हणाला. “पुष्कळ जणांचं देणं आहे माझ्यावर.”

तिसरी तारीख आली. पुकाऱ्या चौकात उभा राहिला आणि न्यायासनाकडे पाठ करून दाराबाहेर ओरडला, “सगुणा बुरडीण!”

“आले! आले!” पिंपळाखालून आवाज आला. काखेत अर्धवट विणलेलं सूप घेऊन ती धावत आत शिरली.

तिने छपराचं सांगितलं. मालकाच्या वकिलाने पोथ्या चाळल्या, पण त्यांतही तेच लिहिलेलं होतं. घर तिचंच राहिलं. मालकाला छप्पर शाकारून द्यावं लागलं.

पुकाऱ्याला त्याच दिवशी काढून टाकलं. माणसांना बेघर करणारी चूक तीस वर्षं खपली होती. पाठ दाखवण्याची चूक एक दिवसही खपली नाही.

नवा पुकाऱ्या आला. तोही रीतीप्रमाणे न्यायासनाकडे तोंड करून पुकारू लागला. म्हातारा मात्र रोज दाराशी येऊन बसे. आतून पुसट नाव ऐकू आलं की तेच बाहेर मोठ्याने पुकारी. माणूस उठून येई तेव्हा त्याला काय बोलायचं ते फुकट सांगे. सगळी घरं वाचली नाहीत. कधी खोकल्याची उबळ आली की एखादं नाव निसटून जाई, आणि मग त्याला दिवसभर घास गिळवत नसे. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाराशी असे.

तात्पर्य: दुबळ्याच्या कानापर्यंत जो कायदा कुणी पोचवत नाही, तो दगडावर कोरला तरी बळवंताचाच असतो.