विलायती बकरी

सांगा पाहू, विश्वास कुणावर ठेवावा? मालावर, की मालावरच्या पाटीवर? जुन्या सामानाच्या धंद्यात नेमीचंदचे केस पिकले. त्याचं मत पक्कं होतं : गिऱ्हाईक पाटी वाचतं.

छोट्या रेल्वेचा एक जुना डबा त्याने लिलावात घेतला होता. रूळ केव्हाच उखडलेले. डबा बाभळीखाली उभा, आत नूरबाबा फकीर आणि त्यांची बकरी. बाबा नेमीचंदचे गुरू, म्हणून त्यांना हलवायची त्याची छाती झाली नव्हती.

डबा घडला कुठे? म्हातारा गार्ड म्हणे, विलायतेत. लोहार म्हणे, हॅट्, मुंबईत! चहावाला शपथेवर सांगे, दोन मोडक्यांचा एक केलाय. दाराजवळ कारखान्याची पाटी होती, तिथे आता नुसती स्क्रूची भोकं.

त्या दुपारी नेमीचंद पितळी पाटी घेऊनच आला. विलायतेचं गाव, साल, सगळं कोरलेलं. शेणात पुरून जुनी केलेली.

"बाबा, नाशिकचा हॉटेलवाला येतोय. विलायती असला तर अख्खा डबा उचलतो. नाहीतर उद्या कापून भंगारात. तुम्ही नुसतं 'हो' म्हणा. तुमच्या शब्दावर तो कागद मागायचा नाही."

"डब्याला विचारलंस?"

"डबा काय बोलणार?"

"मग आपण कशाला बोलावं?"

"एका खोट्याने डबा वाचतो, बाबा!"

बाबांनी पाटी हातात घेतली. वास घेतला. हसले. सुतळी ओवली आणि बकरीच्या गळ्यात बांधली.

"घे, ही पण विलायतेची झाली. दूध काढ, हॉटेलवाल्याला पाज."

नेमीचंद तडकला. "थट्टा पुरे! मग खरं काय, ते तरी लिहा!"

बाबांनी चुलीतला कोळसा उचलला. भोकांच्या मधोमध ठसठशीत लिहिलं : कुठला, ठाऊक नाही.

"हे वाचून कोण घेणार? उद्या गॅसकटर येईल इथे!"

"येऊ दे."

बाबा आत गेले, बाकावर मांडी घालून बसले. मागोमाग बकरी चढली.

"उतरा, बाबा..."

"बाबा, पाया पडतो. डबा भंगाराच्या वजनकाट्यावर जाईल हो!"

"जाऊ दे. हिशेब तेवढा चोख ठेव, नेमी. लोखंड किती, फकीर किती... वेगवेगळं लिही."