पाळीवरचा पहिला शब्द

गराडीटोल्याच्या तलावाची पाळ सांडव्यापासून निघते ती थेट शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते. या पाळीवर गुडघ्याएवढे दगड एका रांगेत रोवलेले आहेत आणि प्रत्येकावर चुन्यानं एकच शब्द लिहिलेला आहे. पोहणं. शिवण. बासरी. धीट बोलणं. दर साली शाळेच्या पहिल्या दिवशी रांगेत एक दगड वाढतो. त्यावर जो शब्द चढतो त्याच्या मागे सगळी शाळा वर्षभर लागते. गणितं त्यातली, गाणी त्यातली, खेळसुद्धा त्यातलेच. तुम्ही मास्तर लोक तेच पाहायला आलात, ठाऊक आहे मला. वर्षातून चार-पाच शाळा तरी येतात. वहीत शब्द उतरवून घेतात, आणि चालत चालत सांडव्यापर्यंत गेले की थांबतात. तिथल्या पहिल्या दगडावर लिहिलंय, 'हेवा'. शाळेनं असला शब्द का निवडावा, असं सगळेच विचारतात.

मी या शाळेत चौतीस वर्षं घंटा वाजवली. ही गोष्ट मला माझ्या बापानं सांगितली. तो तेव्हा तिसरीत होता. थोडं त्यानं डोळ्यांनी पाहिलं, थोडं गावानं सांगितलं. तसंच तुम्हाला सांगतो.

ही शाळा उभी केली दौलत गुरुजींनी. दौलत कापगते. त्यांच्या आधी इथं शाळा नव्हती, सरकारी कागदावर नुसती होती म्हणे. गुरुजींनी तलावातला गाळ डोक्यावर वाहून भिंती घातल्या. गुरांमागची पोरं हाताला धरून आणली. अकरा वर्षं एकटे शिकवत होते. अक्षर असं, की लग्नाची पत्रिका त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय लग्न ठरलं असं कोणी मानत नसे. ते रस्त्यानं निघाले की दोन्ही बाजूंच्या अंगणांत खाट टाकली जाई. "बसा जी गुरुजी, पाणी घ्या." धानाची रोवणी कोणत्या बांधीपासून सुरू करायची, हेही लोक त्यांना विचारत.

बाराव्या वर्षी पोरं वाढली म्हणून सरकारनं दुसरी शिक्षिका पाठवली. द्वारकाबाई त्यांचं नाव. पंचविशीच्या, नवरा गेलेला, सोबत एक पेटी आणि पितळी तांब्या. गुरुजींनी त्यांना लहान वर्ग दिले, आणि एवढ्यावर आपलं काम झालं असं समजले.

बाईंनी पहिल्याच दिवशी पोरांना विचारलं, "या साली आपण कशामागे लागायचं?" पोरांना असं कोणी विचारलं नव्हतं. एक जण भीत भीत म्हणाला, "पानी." झालं. वर्षभर पाणी. दोरीला गाठी मारून तलावाची खोली मोजली, त्यावरून गुणाकार आला. कोणत्या मोहल्ल्यातली माय किती लांबून पाणी आणते, ते पोरांनी पावलं मोजून काढलं आणि चावडीवर जाऊन सांगितलं. गावानं त्या उन्हाळ्यात विहीर उपसली. दुसऱ्या साली शब्द आला 'झाड'. गुरं राखणारी पोरंही आपणहून येऊ लागली.

एक दिवस गुरुजी पाटलाच्या ओसरीवर बसले होते. पाटील सहज बोलून गेला, "बाई आल्या अन् शाळा जागी झाली पहा."

मग अकरा वर्षं काय शाळा झोपली होती? गुरुजींनी हे तोंडानं विचारलं नाही. पण ते वाक्य त्यांच्या पायात काट्यासारखं मोडलं आणि आत राहिलं, असं सांगतात.

त्यानंतर त्यांना सगळं दिसू लागलं. सकाळी पोरं फाटकातून धावत येतात ती कोणाकडे, हे दिसू लागलं. आधी त्यांना नमस्कार करून मग बाईंकडे जाणारं पोरगंही त्यांना बोचे. नमस्कार उरकून जातंय असं वाटे. बाईंचा वर्ग हसला की यांच्या वर्गातला पाढा तुटे. खडू त्यांनी आपल्या कपाटात कुलपात ठेवले. बाई पोरांना घेऊन पाळीवर निघाल्या की नेमकं तेव्हाच त्यांना हजेरी घ्यायचं आठवे. गावात ते म्हणत, "पोरं हिंडतात छान, बाकी लिहितात कशी ते परीक्षेत कळेल." परीक्षा झाली आणि पोरं चांगली पास झाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांची बायको भागरथा एकदा ताट वाढताना म्हणाली, "बाईचं नाव घेतल्याबिगर आताशा तुमच्या घशाखाली घास उतरत नाही जी." ते तिच्यावर ओरडले. पण तिनं खरं तेच सांगितलं होतं.

तिसऱ्या साली शब्द निघाला 'नाव'. बाई पोरांना म्हणाल्या, आपल्या भाषेत शब्द एक आणि वस्तू दोन. आपण दोन्ही शिकू. पोरांनी गावातल्या झाडांची, माशांची, धानाच्या वाणांची नावं गोळा केली. आणि पाळीवरचं मोहाचं जे झाड वादळात उन्मळून पडलं होतं त्याचा डोंगा, म्हणजे कोरीव नाव, करायचं ठरलं. त्याचं खोड कोरायला मासे धरणारा सुकडू ढिवर आला. सुकडूला अक्षर येत नव्हतं, पण तलावात त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. पाच महिने तो पोरांना घेऊन खोड कोरत होता. तळाला एक चीर होती. ती त्यानं चिंध्या आणि राळ भरून अशी बुजवली, की नख शिरणार नाही.

माघात डोंगा तयार झाला. तो पाण्यात घालायच्या दिवशी शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार होते. शाळेचं मुख्यपण बाईंना देणार आहेत, अशी कुजबुज गुरुजींच्या कानावर आली.

आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पोरं जेवायला घरी गेली होती. गुरुजी पाळीवर गेले. खिशातला लेखणी तासायचा चाकू काढला आणि त्या चिरेतली राळ उकरून काढली. जागेवर ओली माती दाबली आणि वरून हात फिरवला. डोंगा घाटाशीच भरेल, गुडघाभर पाण्यात बसेल, लोक हसतील, एवढंच त्यांच्या मनात होतं म्हणे. कोणाच्या जिवाचं त्यांच्या मनात नव्हतं. पण चाकू चालवताना त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव घाटावर जमलं. साहेब खुर्चीवर बसले. डोंग्याच्या तोंडावर फडकं टाकलेलं होतं. बाईंनी ते काढलं. खाली लाकडात अक्षरं कोरलेली होती. पोरांनी गुरुजींच्याच अक्षरावरून ती गिरवली होती. 'दौलत'.

बाई म्हणाल्या, "शाळा ज्यांनी बांधली त्यांचं नाव नावेला. आधी गुरुजी बसतील, आणि त्यांच्यासोबत पहिलीतली सहा पोरं."

पोरं टाळ्या वाजवत गुरुजींचं धोतर ओढू लागली. माझा बाप सांगायचा, की गुरुजींचा चेहरा राखेसारखा पांढरा झाला. तेव्हाच बोलून टाकायचं होतं. पण समोर साहेब, सगळं गाव, आणि लाकडात कोरलेलं आपलं नाव. त्यांना तोंड उघडवेना. ते एवढंच म्हणाले, "पोरं नको. आधी मी एकटा जातो." लोकांना वाटलं, गुरुजींची माया.

सुकडूनं डोंगा ढकलला. वीस हात गेला आणि माती विरघळली. डोंगा भरला, एका अंगाला कलला आणि गुरुजी पाण्यात गेले. जन्म तलावाकाठी गेला, पण गुरुजींना पोहता येत नव्हतं. सुकडूनं आणि मागोमाग पदर खोचून बाईंनीही उडी मारली, दोघांनी त्यांना ओढून काठावर आणलं.

साहेब संतापले. सुकडूला म्हणाले, "असल्या फुटक्या लाकडावर लेकरं बसवणार होतास?" बाईंना म्हणाले, "हे शब्दबिब्द आजपासून बंद. तुमच्या बदलीचं मी पाहतो." लोकांनीही सुकडूला नाही नाही ते ऐकवलं. गुरुजी काठावर ओल्या धोतरानिशी बसून होते. ते तेव्हाही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकडू त्यांच्या दारात आला. पायरीवर त्यानं मातीचा एक गोळा ठेवला.

"गुरुजी, मी राळ भरली होती जी. डोंगा वर काढून पाह्यला तं चिरेच्या टोकाले ही माती उरलेली. आता लोक मले डोंग्याले हात लावू देत नाहीत. तुमी शिकलेले. तुमीच सांगा, मी कुठं चुकलो?"

तो दोष द्यायला आला नव्हता. त्याला खरोखर विचारायचं होतं. आणि गावात खरं सांगणारा माणूस एकच, असं तो मानत होता. गुरुजी उठले, सुकडूचा हात धरला आणि शाळेची घंटा स्वतः वाजवली. पोरं आली, गाव आलं. सगळ्यांना पाळीवरून सांडव्यापर्यंत नेलं आणि तिथं उभं राहून ते म्हणाले, "राळ मी काढली. माती मी भरली. मला बाईंचा हेवा वाटत होता. दोन वर्षं वाटतोय, आत्ताही वाटतोय."

पाटील खाली पाहू लागला. कोणीतरी दगड उचलला होता, असंही सांगतात. खरंखोटं ठाऊक नाही.

मग बाई पुढं आल्या. "तुम्ही सहा लेकरं बुडवली असती, गुरुजी. ते मी विसरणार नाही. पण तुम्ही बोललात, तर मीही बोलते. मला तुमचा हेवा वाटतो. तीन वर्षं मी या गावात आहे. मला सगळे चांगलं म्हणतात, पण अजून एका घरानं मला चुलीपर्यंत बोलावलं नाही. तुमची खाट मात्र प्रत्येक अंगणात टाकलेली असते. रोज संध्याकाळी मी त्या खाटा बघत एकटी खोलीवर जाते."

हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बायामाणसांनी एकमेकींकडे पाहिलं म्हणे.

गुरुजींनी सारं आपल्या हातानं साहेबांना लिहून कळवलं. बदली रद्द झाली. मुख्यपण बाईंकडे गेलं आणि गुरुजी त्यांच्या हाताखाली राहिले. गावापुढं त्यांनी सुकडूच्या पायांना हात लावला. आणि त्या महिन्यात ते रोज एकेका घरी बाईंना घेऊन गेले. आपल्यासाठी टाकलेल्या खाटेवर त्यांना बसवलं, आणि आपण जमिनीवर बसले. बाईंनी त्यांना शिकवलं ते एवढंच, की पोरांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. ते त्यांना फार जड गेलं.

नवीन साल लागलं. कोणता शब्द घ्यायचा, बाईंनी विचारलं. पोरं म्हणाली, 'हेवा'. गुरुजींनी नवस बोलला, की जिवंत असेपर्यंत शाळेच्या पहिल्या दिवशी मी इथं उभा राहून मनातला हेवा बोलून दाखवीन. पहिला दगड त्यांनीच रोवला, अक्षरंही त्यांचीच.

हेवा गेला का? लगेच नाही गेला. पुढची पाच वर्षं ते दर साली उठून म्हणत, "यंदाही बाईंचाच," आणि लोक हसत. सहाव्या वर्षी मात्र म्हणाले, "यंदा सुकडूचा. त्याला पाण्याची भीती नाही." तेव्हा सुकडूनं त्यांना पोहायला शिकवलं. गुरुजी पन्नाशी ओलांडलेले, कमरेला सुका भोपळा बांधून पाणी उडवायचे. त्या साली सगळी शाळा पोहायला शिकली.

गुरुजींचं पाहून हळूहळू सगळेच आपापला हेवा बोलू लागले. आजही शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर, पोरं, खिचडी शिजवणाऱ्या बाया, सगळे पाळीवर बसतात. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घ्यायचं, आणि कशाचा वाटतो ते सांगायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं हसायचं नाही. ती गोष्ट शिकवायची. जी गोष्ट जास्तीत जास्त तोंडांतून येते तो त्या सालचा शब्द. पाहुण्यालाही सूट नाही. चार वर्षांमागे एक मोठे साहेब आले होते. त्यांची पाळी आली तेव्हा हसून म्हणाले, "मला तुम्हा सर्व मुलांचा हेवा वाटतो." चौथीतली एक पोरगी उभी राहिली. "तसं चालत नाही जी. एकाचं नाव घ्या."

मग साहेबांनी आपल्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. तो घरीच राहिला, शेती करतो, म्हणाले. आई गेली तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता. "दहा वर्षांत मी त्याच्याशी बोललो नाही."

"भाऊ कुठं राहतो?" पोरीनं विचारलं.

"पवनीला."

"मग जा जी. दोन वाजता गाडी आहे."

साहेब त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.