विष कोणत्या आवृत्तीचं

“…तर मग या सगळ्यांत श्रेष्ठ आवृत्ती कोणती, चाचा?”

हमीदचाचा सतारीच्या भोपळ्यावर पॉलिश पेपर फिरवत राहिले. 

शर्वाणी टिळेकरने मांडीवरची वही मिटली. पुण्याहून मिरजेपर्यंतच्या प्रवासात तिने ती पुन्हा एकदा वाचून काढली होती. चाळीस पानं. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचे जे तलवारींचे, राक्षसांचे, जादूटोण्याचे खेळ असतात, त्यांच्या एकोणीस पद्धतींची तुलना तिने त्यात केली होती.

खेळ साधा असतो. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत जगायचं, आणि पेच पडला की फासा टाकायचा. पण हे सांगणारी पुस्तकं किती, त्यांच्या आवृत्त्या किती, एका आवृत्तीत चालतं ते दुसरीत का चालत नाही, हे शर्वाणीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

“पहिली आवृत्ती निर्दय आहे,” ती म्हणाली. “तिसरीत नियमांचं रान माजलंय. चौथी बुद्धिबळासारखी, सगळं पटावर. पाचवी सोपी, पण खेळाडूंना फार लाडावते. त्याशिवाय एका पानात मावणाऱ्या पद्धती आहेत. फाशांऐवजी पत्ते वापरणाऱ्या आहेत.”

“हं.”

“तुम्ही कोणती खेळता?”

“सगळ्या.”

“म्हणजे आलटून पालटून?”

“एकदम.”

शर्वाणी हसली. म्हाताऱ्याला प्रश्न समजलेला नाही, असं तिला वाटलं.

“तसं जमत नाही, चाचा. पहिल्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं चिलखत चांगलं. तिसरीत जितका जास्त, तितकं चांगलं. एका टेबलावर दोन्ही कसं चालेल?”

“चालतं की.”

एवढं बोलून चाचांना खोकला आला. ते पाणी प्यायले.

त्यांचा गळा गेल्या वर्षी बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. दिवसभर सतारी घडवणाऱ्या माणसाला त्याचं काही नव्हतं. पण रविवारी दुपारी याच कारखान्यात त्यांचा डाव बसायचा, एकतीस वर्षं, आणि तीन-तीन तास गोष्ट सांगायची ती चाचांनीच. आता दहा मिनिटांत आवाज विरून जायचा. डावाला नवा सूत्रधार हवा, असं त्यांनी चार ठिकाणी कळवलं होतं. तिघं येऊन गेले. एकही दुसऱ्या रविवारी दिसला नाही.

शर्वाणी त्यासाठीच आली होती. शनिवार-रविवार मिरजेत काढायची तिची तयारी होती. पुण्यात तिचा स्वतःचा डाव होता, तो मोडला, हे मात्र तिने चाचांना सांगितलं नव्हतं. पाच जण एकेक करून गळाले. शेवटचा जाताना म्हणाला होता, “तुझ्याकडे खेळायला आलं की तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

ते वाक्य तिने वहीत कुठेही लिहिलं नव्हतं.

दोन वाजता मंडळी आली.

आधी एस्तेर साळवे. चाळीस वर्षं परिचारिका म्हणून काढून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. एकतीस वर्षांपूर्वी सतार शिकायला आलेला एक परदेशी पोरगा काविळीने त्यांच्या वॉर्डात पडला होता. त्याच्या उशाशी या खेळाचं पुस्तक होतं, पहिली आवृत्ती. चाचा त्याला भेटायला जात. सिस्टर इंग्रजी वाचून दाखवत आणि चाचा ऐकत. पोरगा बरा होऊन गेला, पुस्तक इथेच राहिलं.

मग महादू कोळेकर आला. रिक्षा चालवायचा. त्याला बेरजा आवडायच्या, म्हणून तो तिसरी आवृत्ती धरून होता. आणि चाचांची नात निलोफर, औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. ती पाचवी खेळे.

तिघांनी तीन वेगवेगळी पुस्तकं टेबलावर ठेवली.

चाचांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि शर्वाणीकडे पाहिलं.

“आज तू चालव.”

तिने गोष्ट तयारच आणली होती. डोंगरातलं एक गाव. दरीच्या तोंडाशी दगडी वेस, मागे दोरखंडाचा पूल. नागांची राणी गाव गिळायला येते आहे. तिघांनी गावकऱ्यांना पुलापलीकडे न्यायचं.

“सुरू करण्याआधी एक,” ती म्हणाली. “आपण सगळे एकच आवृत्ती घेऊ. पाचवी घेऊ, सोपी आहे.”

“मी पहिलीत खेळते,” सिस्टर म्हणाल्या.

“पण सिस्टर, त्यातले आकडे—”

“तुला येतात ना पहिलीचे आकडे?”

“येतात.”

“मग झालं तर.”

पहिला तास वाईट गेला. महादूने काही विचारलं की शर्वाणी पान उघडायची. निलोफरने मंत्र टाकला की तो पहिल्या आवृत्तीत कसा वेगळा होता ते सांगायची. एकदा तिने महादूच्या बेरजेतली चूक काढली. चूक खरीच होती. महादूने मान हलवली, आणि त्यानंतर तो फारसा बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने मोबाईल काढला.

शर्वाणीला ते दिसलं. ते तिने याआधी पाच वेळा पाहिलं होतं. ती आणखी भरभर पानं उलटू लागली.

चाचा कोपऱ्यात भोपळा घासत होते.

मग नागराणी वेशीवर आली.

सिस्टरांचं पात्र होतं वज्रा. भाला घेऊन लढणारी, पांढऱ्या केसांची. पहिल्या रविवारपासून आजवर तीच. ती वेशीत उभी राहिली. नागराणीने दंश केला.

“विष,” शर्वाणी म्हणाली. “फासा टाका, सिस्टर. पाच किंवा वर हवेत.”

वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळला, पुस्तकाला आपटला आणि थांबला.

तीन.

…

महादूने मोबाईल खाली ठेवला.

पहिल्या आवृत्तीत विष म्हणजे मरण. एक फेक, चुकली की संपलं. तिसरीत नुसती ताकद उतरते. चौथीत विष हळूहळू अंगात भिनतं. पाचवीत पार कोसळलेल्या माणसालाही आणखी फेका मिळतात. चारही उत्तरं शर्वाणीला तोंडपाठ होती, आणि चारही एकाच वेळी तिच्या जिभेवर आली.

तिने सिस्टरांकडे पाहिलं. दुपारपासून ती त्यांच्या फाशाकडेच बघत होती. आता त्यांच्या हाताखालचा, पात्राचे आकडे लिहिलेला कागद तिला दिसला. खोडून खोडून तो इतका विरला होता, की मागून त्याला जखमेवर लावायची पांढरी पट्टी चिकटवली होती. एक नव्हे, सात-आठ पट्ट्या. वर शाईने लिहिलेलं नाव तेवढं ठसठशीत होतं. वज्रा.

“सिस्टर,” ती हळू म्हणाली, “पाचवीप्रमाणे बघितलं तर—”

“मी पहिलीत खेळते.”

“निदान तिसरीप्रमाणे…”

“शर्वाणी.” सिस्टरांचा आवाज शांत होता. “मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. आकडा काय सांगतो ते मला कळतं.”

…

शर्वाणीने चाचांकडे पाहिलं. चाचांनी भोपळा खाली ठेवला होता.

त्यांनी हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मग तोच हात उचलून तिच्याकडे केला.

आता आवाज तुझा, असंच ते सांगत होते.

शर्वाणीने पुस्तक मिटलं. मग ती सिस्टरांकडे वळली.

“विष चढायला किती वेळ लागतो?”

“कोणत्या आवृत्तीत?” महादूने विचारलं.

“सिस्टरांना विचारतेय. वॉर्डात किती लागायचा?”

सिस्टर चकित झाल्या. मग ताठ बसल्या.

“नागाचं ना? सांगता येत नाही. कधी तास, कधी अर्धा तास. आधी पापण्या जड होतात. मग जीभ.”

“तर वज्रेकडे अर्धा तास आहे,” शर्वाणी म्हणाली. “पुलावर गर्दी झालीय. माणसं एकमेकांना ढकलतायत. नागराणी पुन्हा फणा काढतेय. वज्रेला सगळं ठाऊक आहे. काय करते ती?”

सिस्टर उभ्या राहिल्या.

“आधी तो पूल रिकामा करा,” त्या म्हणाल्या, आणि तो आवाज खेळातला नव्हता. रात्रपाळीत तीस खाटा सांभाळलेल्या बाईचा होता. “धावायचं नाही कुणी. पोरं पुढे, म्हातारी मधे. चालता येत नाही त्यांना खांद्यावर घ्या. महादू, तू त्या टोकाला जा. निलोफर, उजेड कर, त्यांना पायाखालचं दिसू दे.”

निलोफरने उजेड केला, पाचव्या आवृत्तीतला. महादूने दोर धरला, तिसऱ्या आवृत्तीतल्या सगळ्या बेरजा करून, मोठ्याने. एक बेरीज पुन्हा चुकली. शर्वाणीने ती तशीच जाऊ दिली आणि सांगितलं, की दोराने त्याचे तळहात सोलले, पण पूल हलायचा थांबला.

“किती राहिले?” सिस्टरांनी विचारलं.

“साठ.”

“पापण्या?”

“जड झाल्यात.”

“चालेल. भाला भिंतीशी रोवते आणि त्याला टेकून उभी राहते. किती राहिले?”

“वीस… आता पाच. एक बाई लहान मूल घेऊन मागे वळतेय, तिचं काहीतरी राहिलंय घरात.”

“तिला म्हणावं, राहू दे ते.”

“गेली ती पलीकडे. पूल रिकामा.”

…

“मग आता मी आणि ती,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी फासा उचलला. टाकला.

सतरा.

शर्वाणीने पुस्तक उघडलं नाही. कोणत्याही आवृत्तीत तो वार लागला असता.

तिने सांगितलं, भाला नागराणीच्या टाळूतून कसा आरपार गेला. वेशीचे दगड कसे हादरले. ते प्रचंड धूड दरीत कसं कोसळलं, आणि त्याचा आवाज कितीतरी वेळ कसा येतच राहिला. पलीकडच्या कड्यावर तीनशे माणसं उभी होती. मग एका म्हातारीने वज्रेचं नाव घेतलं, मग सगळ्यांनी.

महादू टेबलावर थाप मारू लागला. निलोफरही मारू लागली. वरच्या खुंट्यांना टांगलेल्या, दुरुस्तीला आलेल्या सतारींच्या तारा गुणगुणल्या.

सिस्टर उभ्याच होत्या. चेहरा फुलला होता, डोळे भरले होते.

“ती आता बसते,” त्या म्हणाल्या. “भिंतीला टेकून. जीभ जड झालीय. पाणी मागते.”

“मी देतो,” महादू म्हणाला. त्याचं पात्र चोर होतं. वीस वर्षांत त्या चोराने कुणाला काही दिलं नव्हतं.

“घोटभर पिते… बास. गेली.”

सिस्टरांनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मग त्या अशा मोकळ्या हसल्या, की निलोफरने जाऊन त्यांना मिठीच मारली. निघताना त्यांनी शर्वाणीच्या गालावर हात ठेवला.

“पुढच्या रविवारी कोरा कागद घेऊन ये. मला नवीन माणूस करायचाय. आणि लवकर ये, महादूला बारा वाजल्यापासून दम निघत नाही.”

महादूने दारातूनच, आपल्या चोराच्या तळहातांना मलम लागेल का, ते विचारलं. गल्लीत रिक्षा सुरू झाली. वळणापर्यंत तो हॉर्न वाजवत गेला. निलोफर कप गोळा करून आत गेली.

कारखान्यात दोघंच उरली.

शर्वाणीने आपली वही उचलली. आनंद छातीत मावत नव्हता, आणि त्याच्या खाली कुठेतरी एक काटा होता.

“चाचा…”

चाचांनी वर पाहिलं.

“एकतीस वर्षांचं पात्र. आणि मी पहिल्याच दिवशी मारलं.”

चाचा उठले. तिच्या शेजारी येऊन बसले. सिस्टरांचा फासा टेबलावरच राहिला होता, अजून सतरावर. त्यांनी त्याला हात लावला नाही.

“एकतीस वर्षं,” त्या विरलेल्या आवाजात ते म्हणाले, “मी तिच्या वाटेत विष येऊच दिलं नाही.”

…

“मी तिला मरू दिलं नाही, बेटी. जगू तू दिलंस.”